मुलाच्या 'नाही'ला घरात किंमत द्या

दर सोमवारी सकाळी दवाखाना उघडला की दोन-चार शाळकरी मुले पोट धरून बाकावर बसलेली असतात. शनिवारी-रविवारी पोट अगदी ठणठणीत असते. सोमवारी शाळेची वेळ झाली की कळ येते आणि शाळेची वेळ टळली की कळ जाते. "नाटक करतो हो डॉक्टर," असे पालक सांगतात. मात्र मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले तर ते नाटक करीत नसल्याचे लक्षात येते.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चौथीत शिकणारा असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. आईने सांगितले, "बेंबीपाशी दुखतं, सकाळी दूधसुद्धा घेत नाही." मी पोट तपासले आणि जंताचे औषध लिहून दिले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. लघवी व रक्त तपासले, सोनोग्राफी केली. सर्व काही व्यवस्थित होते. पित्ताचे औषध देऊन मी त्याला घरी पाठवले. तिसऱ्या वेळी आला तेव्हा आईला कोणाचा तरी फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि तपासणीच्या टेबलावर तो आणि मी असे दोघेच उरलो. मी सहज विचारले, "बाळा, शाळेत कसा जातोस?" तो म्हणाला, "रिक्षाने." आणि त्याचे डोळे भरून आले.

रिक्षात सातवीची तीन मुले होती. ती याला रोज पुढच्या फळीवर रिक्षावाल्याला खेटून बसवीत, डब्यातली भाजी-पोळी खाऊन टाकीत आणि "घरी सांगितलंस तर दप्तर रस्त्यावर टाकू" अशी धमकी देत. दोन महिने हे चालले होते. मी विचारले, "मग घरी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "बाबा म्हणतात, रडत घरी यायचं नाही."

वाचकहो, मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. तीन वेळा मी त्या मुलाचे पोट तपासले होते, पण प्रत्येक प्रश्न त्याच्या आईला विचारला होता. दुखत होते त्याला आणि उत्तरे देत होती आई. त्या दिवसापासून मी एक नियम केला. मूल बोलण्याच्या वयाचे असेल तर पहिला प्रश्न मुलाला आणि नंतर पालकांना.

पोटदुखी खरी असते

अशी पोटदुखी वैद्यकशास्त्राला नवी नाही. डॉ. जॉन ॲप्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे १००० शाळकरी मुलांची पाहणी केली होती व तिचे निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे दहातील एका मुलाला वारंवार पोटदुखीचा त्रास होता आणि त्यांपैकी बहुतेकांमध्ये शारीरिक आजार सापडला नाही. आपले आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते, पोटात मुरडा येतो, मळमळते. परीक्षेच्या सकाळी शौचालयाच्या वाऱ्या कोणी केल्या नाहीत? तेव्हा मुलाचे दुखणे खरे असते. कारण मात्र पोटाच्या बाहेर असू शकते.

अर्थात प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नये. दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला असेल, झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त किंवा लघवीला जळजळ असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ती झाल्यावर आणि त्यात काही न निघाल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: या मुलाला काही सांगायचे आहे, पण सांगता येत नाही, असे तर नाही ना?

वागण्याच्या तीन तऱ्हा

समजा, वर्गातल्या एका मुलाने न विचारता आपल्या मुलाची कंपासपेटी घेतली. आपले मूल तीन प्रकारे वागू शकते.

पहिला प्रकार, गप्प बसणे. मूल मान खाली घालते, मनात कुढते आणि पुढच्या वेळी पेटी घरीच ठेवून जाते. हे दबून वागणे.

दुसरा प्रकार, धक्का देणे, शिवी देणे, पेटी हिसकावणे. हे आक्रमक वागणे. यात पेटी परत मिळते, पण भांडण वाढते आणि पुष्कळदा शिक्षा यालाच होते.

तिसरा प्रकार, समोर उभे राहून सांगणे, "तू मला न विचारता पेटी घेतलीस. मला ते आवडलं नाही. परत दे." यात रडणे नाही आणि मारणेही नाही. याला ठामपणा म्हणतात. आपला हक्क सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा मोडायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुष्कळांना वाटते, हा स्वभावाचा भाग आहे, 'मुळातच लाजाळू' मुलाला तो कसा जमणार? पण ठामपणा ही पोहण्यासारखी किंवा सायकल चालवण्यासारखी शिकण्याची गोष्ट आहे. अँड्र्यू सॉल्टर व जोसेफ वोल्पे यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत ती उपचार म्हणून वापरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. त्यांत स्वतःची ओळख, परिणामकारक संवाद, भावनांना व ताणाला तोंड देणे यांचा समावेश आहे. ठामपणाने 'नाही' म्हणता येणे हे याच कौशल्यांमध्ये बसते. लाजाळू मूल लाजाळू राहूनही ठाम होऊ शकते. त्याला वर्गाचा पुढारी व्हायचे नसते, फक्त आपली पेटी परत मागायची असते.

सुरुवात ताटापासून

मूल 'नाही' म्हणायला घरात शिकते आणि 'नाही' गिळायलाही घरातच शिकते. याकडे पालकांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

आपल्याकडे आग्रहाला फार मान. मूल म्हणते, "पोट भरलं." आपण म्हणतो, "एवढी पोळी संपव." ते म्हणते, "नको." आपण म्हणतो, "माझ्यासाठी एक घास." पाहुणे आले की, "जा, काकांना पापा दे." मूल आईच्या पदराआड लपते, तरी त्याला पुढे ढकलले जाते आणि सगळे हसतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण मूल शिकते ते असे, की माझ्या पोटाबद्दल आणि माझ्या अंगाबद्दल माझ्यापेक्षा मोठ्यांना अधिक कळते आणि माझ्या 'नको'ला काही अर्थ नाही. मग तेच मूल उद्या बाहेरच्या माणसाला 'नको' कसे म्हणेल?

यावर सोपे उपाय आहेत. ताटात आधीच थोडे वाढावे, हवे तर मुलाने पुन्हा मागून घ्यावे. पापा नको असेल तर नमस्कार चालतो. पाहुण्यांचा मान राहतो आणि मुलाचाही.

वाचक म्हणतील, "मग काय, मुलाचे सगळे ऐकायचे?" मुळीच नाही. दात घासणे, लस टोचून घेणे, रस्ता ओलांडताना हात धरणे यांत मुलाचे 'नाही' चालणार नाही. पण तेथेही "गप्प बस" न म्हणता, "तुला इंजेक्शन नको आहे, ते मला कळलं. पण ते घ्यावंच लागेल. उजव्या हाताला घेतोस की डाव्या?" असे म्हणता येते. मुलाचे म्हणणे मान्य झाले नाही तरी ते ऐकले गेले, हे त्याला कळले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. "पोरीच्या जातीला इतकं तोंड बरं नव्हे" हे वाक्य अजूनही अनेक घरांत ऐकू येते. आणि मुलाला "रडतोस काय मुलीसारखा?" असे सुनावले जाते. पहिल्या वाक्याने मुलीचे तोंड बंद होते आणि दुसऱ्याने मुलाचे. माझ्या त्या चौथीतल्या रुग्णाचे तोंड दुसऱ्या वाक्याने बंद केले होते.

घरी करायचा सराव

रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटे पुरतात. मी पालकांना सांगतो तो क्रम असा.

१. आवाज ओळखणे. उंदराचा आवाज, वाघाचा आवाज आणि माणसाचा आवाज असा खेळ खेळावा. "माझी पेन्सिल दे" हे एकच वाक्य तिन्ही आवाजांत म्हणून घ्यावे. मुले खूप हसतात आणि 'माणसाचा आवाज' कोणता ते त्यांना लगेच कळते.

२. उभे राहणे. दोन्ही पाय जमिनीवर, खांदे सरळ, नजर समोरच्याच्या चेहऱ्याकडे. मान खाली घालून म्हटलेले 'नाही' समोरच्याला 'हो' वाटते.

३. तीन भागांचे वाक्य. काय झाले, मला काय वाटले, मला काय हवे. "तू मला चिडवतोस. मला ते आवडत नाही. ते बंद कर." वाक्य छोटे असावे. कारणे देत बसू नये.

४. अडकलेली तबकडी. जुन्या ग्रामोफोनची सुई एकाच जागी अडकायची, तसे तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात ही युक्ती सांगितली. "एक पुडी खाऊन तर बघ." "नको, मी खात नाही." "घाबरतोस काय?" "नको, मी खात नाही." महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने मनाई आहे, तरी सहावी-सातवीच्या मुलांच्या खिशात पुड्या सापडतात. पहिली पुडी बहुधा दोस्तच देतो. तेव्हा हे एक वाक्य पाठ असणे फार उपयोगी पडते.

५. भूमिका बदलणे. आधी वडिलांनी मूल व्हावे आणि मुलाने त्रास देणारा. वडिलांनी ठामपणे बोलून दाखवावे. नंतर उलट करावे. वडिलांनी दांडगट होताना अतिरेक करू नये, हा खेळ आहे.

६. बाहेरचे छोटे धडे. दुकानदाराला "काका, दोन रुपये कमी आले," असे मुलालाच सांगू द्यावे. डॉक्टरकडे कुठे दुखते ते मुलालाच सांगू द्यावे. मध्ये बोलू नये, दहा आकडे मनात मोजावेत.

मुलाने प्रयत्न केला आणि जमले नाही, तरी प्रयत्नाचे कौतुक करावे. पहिल्या दिवशी आवाज फुटत नाही. तसे होणारच.

पालकांचे पाठबळ म्हणजे काय?

येथे पालक दोन चुका करतात. काही जण म्हणतात, "तुझं तू बघ, दोन ठेवून दे त्याला." काही जण ऐकताक्षणी शाळेत जाऊन सर्वांसमोर आरडाओरडा करतात. पहिल्यात मूल एकटे पडते. दुसऱ्यात ते लाजेने मरते आणि पुढच्या वेळी काही सांगत नाही.

मधला मार्ग असा. प्रथम पूर्ण ऐकून घ्यावे. "तू काय केलं होतंस?" असा उलटतपास लगेच घेऊ नये. "सांगितलंस ते फार बरं केलंस," हे पहिले वाक्य असावे. मग विचारावे, "आता काय करूया? तू बोलून पाहतोस, मी बरोबर येऊ, की मीच बोलू?" साध्या कुरबुरींत मुलाला आधी बोलू द्यावे. त्याने बोलूनही थांबले नाही, तर वर्गशिक्षकांना भेटावे. मारहाण, पैसे उकळणे, धमकी असे काही असेल तर वाट पाहू नये, मोठ्यांनीच पुढे व्हावे.

या पाठबळाचे मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. डॉ. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून देण्यात आले. पुढे त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. समाजातील मोठमोठी माणसे त्यांच्या विरोधात होती. पाठीशी उभे राहिले ते त्यांचे सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन. त्यांनी तिला घरी ठेवून घेतले व शिकू दिले. खटला चालू असतानाच १८८५ साली सखाराम अर्जुन वारले, पण रखमाबाई डगमगल्या नाहीत. १८८७ साली न्यायालयाने 'नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा' असा आदेश दिला, तेव्हा आपण तुरुंगात जाऊ, असे त्यांनी कळवले. १८८८ साली तडजोड झाली. नंतर त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्यांच्या खटल्याचाही वाटा होता.

यातील एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. वडील गेल्यावरही त्यांनी दिलेले बळ मुलीपाशी राहिले. आपण मुलाबरोबर रिक्षात बसू शकत नाही, मधल्या सुट्टीत मैदानावर उभे राहू शकत नाही. पण 'माझे घरी ऐकले जाते' ही खात्री डब्यासारखी रोज त्याच्याबरोबर जाते.

जेथे ठामपणा पुरत नाही

एक इशारा देणे आवश्यक आहे. समोर मोठा माणूस असेल, अंगाला नको तसा हात लावत असेल, एकांतात नेत असेल, तर वाक्ये बोलत उभे राहायचे नाही. ओरडायचे, पळायचे आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचे, हे मुलांना लहानपणापासून शिकवावे. "हे कोणाला सांगू नकोस" असे जो सांगेल, त्याचे आधी सांगायचे. आणि भीतीने मुलाला ओरडता आले नाही, तरी दोष मुलाचा नाही. "तू तेव्हाच का बोलली नाहीस?" हा प्रश्न कधीही विचारू नये.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. मुलींच्या त्रासाकडे घरच्यांनी लक्ष दिले, वैद्यकीय तपासणी करून घेतली, म्हणून ते बाहेर आले. अशा वेळी कायदा मुलाच्या बाजूने आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील सर्व मुलामुलींना संरक्षण दिले आहे आणि असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात आम्ही डॉक्टरही आलो. शाळेत मारणे व मानसिक छळ करणे यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मुलांसाठी १०९८ हा मोफत मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा आणि मुलांकडून पाठ करून घ्यावा.

पुढे काय झाले?

त्या चौथीतल्या मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतले. ते सुरुवातीला चिडले. "आमच्या वेळी असले लाड नव्हते, डॉक्टरसाहेब," असे म्हणाले. मी मुलाचे तेच वाक्य त्यांना सांगितले, "रडत घरी यायचं नाही." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे माझ्या वडिलांचं वाक्य आहे."

दोन आठवडे बाप-लेकांनी घरी सराव केला. पहिल्या दिवशी रिक्षात त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. दोन-तीन दिवसांनी तो "माझा डबा मी देणार नाही" असे म्हणाला, तेव्हा ती मुले हसली. पण त्याने ते तीन वेळा म्हटले. संध्याकाळी त्याने घरी सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी वडील रिक्षावाल्याशी शांतपणे बोलले, शाळेत बाईंना भेटले आणि त्याची बसण्याची जागा बदलली. पोटदुखी एकदम गेली नाही. आधी रोजची ती आठवड्यातून एकदा झाली, पुढे महिन्याभरात थांबली. औषध कोणतेच नव्हते.

दोन महिन्यांनी वडील पुन्हा दवाखान्यात आले. या वेळी पोटदुखी नव्हती, तक्रार होती. "डॉक्टर, पोरगं आता मलाच म्हणतं, 'बाबा, माझं बोलणं संपलेलं नाही, मध्ये बोलू नका.' असं बोलायचं का बापाशी?"

मी विचारले, "ओरडून म्हणाला का?"

"नाही. शांतपणे."

"मग तुम्ही काय केलंत?"

ते जरा ओशाळून हसले आणि म्हणाले, "थांबलो."

पालकहो, आजच्या लेखातून एवढेच घ्या. तुमचे मूल एक दिवस शांत आवाजात, तुमच्या चेहऱ्याकडे पाहून तुम्हाला 'नाही' म्हणेल. तो दिवस अपमानाचा मानू नका. तुमच्यासमोर त्याला जे जमले, ते उद्या तुम्ही जवळ नसताना त्याच्या उपयोगी पडणार आहे.